टॉवर म्हणायचं

आमच्या आप्पांना ‘बिल्डिंग’ म्हटलेलं खपायचं नाही. बिल्डिंग तीन-चार मजल्यांची असते, आपला टॉवर आहे, असं ते दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ऐकवायचे. जन्मभर बैठ्या घरात राहिलेला माणूस. अकराव्या मजल्यावर आल्यापासून ऐट काही विचारू नका. मी चिडवायचे, “टॉवर आहे खरा, पण फोनला टॉवर नाही.” घरात रेंज यायची ती बाल्कनीच्या एकाच कोपऱ्यात, तीही तिची मर्जी असेल तेव्हा.

त्या दुपारी जेवून उठताना आप्पांनी छाती धरली आणि भिंतीला टेकून खाली बसले. सदरा घामाने भिजला. मी बाल्कनीत धावले आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

“कुठे यायचं, ताई?”

“टॉवरला. शाळेच्या पुढे. लवकर या हो, वडिलांच्या छातीत...”

“निघालोच,” तो म्हणाला, आणि रेंज गेली.

शेजारच्या दाराला कुलूप होतं. आप्पांच्या डोक्याखाली उशी सरकवून मी परत कोपऱ्यात आले. वरून सगळं स्वच्छ दिसतं, त्याचंच तर आप्पांना कौतुक. पांढरी गाडी शाळेपर्यंत आली तेव्हा जिवात जीव आला. मग ती डावीकडे वळली. डावीकडे नुसता माळ, आणि माळावर मोबाईलचा टॉवर.

गाडी त्याच्याखाली जाऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, मान वर करून बघत राहिला, मग त्याने फोन कानाला लावला. माझा वाजला नाही. मी चादर हलवली, घसा फुटेपर्यंत ओरडले. त्याने चहूकडे पाहिलं, आमच्याकडे सोडून. खाली धावावं तर आप्पा एकटे, थांबावं तर गाडी तिथेच. इतकं रडू आलं की समोरचं दिसेना.

“आली का गं?” आप्पांनी आतून विचारलं.

“आली, आप्पा. दिसतेय.”

पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

कुणीतरी रस्ता दाखवला असावा. गाडी वळली, लिफ्ट वर आली, स्ट्रेचर दारातून आत आलं. ड्रायव्हरसोबतच्या माणसाने आप्पांची नाडी बघितली, बराच वेळ बघितली, आणि हात हळूच खाली ठेवला.

ड्रायव्हर दारातच उभा होता. खाली बघत म्हणाला, “ताई, बिल्डिंग म्हणायचं ना. आम्ही टॉवरला जाऊन उभे राहिलो.”

सवयीने मी आप्पांकडे पाहिलं. ते काहीच बोलले नाहीत.