कॅल्शियमची बाटली

मोजायची खोड मला झेरॉक्सच्या दुकानाने लावली. अकरा वर्षं पानं मोजतेय, मग घरात आल्यावर हात गप्प कसे बसतील? शनिवारी सकाळी बाटलीत सतरा गोळ्या हव्या होत्या. निघाल्या आठ.

पलंगावर रुमाल पसरून पुन्हा मोजल्या. आठच. गोळ्यांना काही पाय फुटत नाहीत, आणि घरात माणसं दोनच, मी आणि सासूबाई.

बाटलीवर कॅल्शियम लिहिलेलं होतं, आत मात्र कॅल्शियम नव्हतं. दोन तास बसने दुसऱ्या शहरात जाऊन मी गोळ्या आणते, तिथल्या स्टँडवरच मूळ बाटली कचऱ्यात टाकते आणि गोळ्या या बाटलीत भरते. आमच्या गावात त्या मिळत नाहीत असं नाही, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण गावात कुणाला काय झालंय ते आधी आमच्या दुकानात कळतं. लोक रिपोर्ट झेरॉक्सला आणतात आणि मालक मशीनवर कागद ठेवता ठेवता वाचून घेतो. "बाप रे, याची साखर तीनशे!" गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत. एकदा एका न्हाव्याचा तसला रिपोर्ट आला. मालकाने नंतर मशीनची काच दोनदा पुसली. महिनाभरात त्या न्हाव्याच्या खुर्चीत माशीसुद्धा बसेना. मी तेव्हाच ठरवलं, मेले तरी आपलं तोंड उघडायचं नाही.

नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. टीबीने गेला हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते खोटंही नाही. टीबीने त्याला एवढं का पोखरलं, ते फक्त मला माहीत. सासूबाईंसमोर त्याचा हार घातलेला फोटो आहे. राहतं घर त्यांच्या नावावर आहे. काय सांगणार होते मी त्यांना?

"आई, माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या..."

"खाल्ल्या!" मोरीच्या दारातून आवाज आला. "नऊ दिवस झाले, रोज एक. घरात कॅल्शियम आहे आणि माझ्या गुडघ्यांना कुणी विचारत नाही. चोरी म्हण हवं तर."

गुरुवारपासून त्यांना उलट्या होत होत्या. पित्त असेल म्हणून आम्ही दोघींनी दुर्लक्ष केलं होतं. पण सासूबाईंची मूत्रपिंडं आधीच अर्धी कामातून गेलेली. दुखण्याची साधी गोळीही घ्यायची नाही, अशी डॉक्टरांची तंबी होती. मी काही बोलणार तेवढ्यात त्या भिंतीला धरून खाली बसल्या. पाय सुजून टम्म झाले होते.

रिक्षात त्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून होत्या आणि बाटली माझ्या पर्समध्ये होती. डॉक्टरांकडे पोचल्यावर रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट यायला दीड तास लागला. त्या दीड तासात मी काय केलं, सांगू? गप्प बसले. नऊच तर गोळ्या, सलाईन लावली की उतरेल, असं स्वतःला समजावत बसले. माझी मलाच लाज वाटते.

डॉक्टरांच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्याबाहेर बाकावर दहा-बारा माणसं, त्यांत आमच्या मालकाची बायको. खोलीत कंपाउंडर, आणि त्याला तर काही सांगायचीच गरज नसते, त्याच्या कानांना सगळं ऐकू येतं.

रिपोर्ट बघून डॉक्टर भडकले. "दुखण्याच्या गोळ्या घेतल्यात ना? किती वेळा बजावलं होतं?"

"देवाशपथ नाही," सासूबाई कण्हत म्हणाल्या. "सुनेचं कॅल्शियम तेवढं घेतलं, नऊ दिवस."

"कॅल्शियमने नऊ दिवसांत असं होत नाही. खरं काय घेतलंत ते कळलं तर त्यावर इलाज करता येईल. अंदाजाने औषध दिलं तर आहे तेही घालवून बसू. मग डायलिसिस." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही बोला."

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. दुखण्याच्याच गोळ्या होत्या, मीच त्या बाटलीत ठेवल्या, असं म्हणायचं की झालं. घर राहिलं, नोकरी राहिली, फोटोतल्या माणसाची अब्रू राहिली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

मी बाटली टेबलावर ठेवली. "कॅल्शियम नाही ते, डॉक्टर. एचआयव्हीच्या गोळ्या आहेत. माझ्या."

बाहेर कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. कंपाउंडर नुसता उभा राहिला. डॉक्टरांनी मात्र ताबडतोब औषधाचं नाव विचारलं, कुठेतरी फोन लावला, दोन मिनिटं बोलले. "यातल्या एका औषधाने मूत्रपिंडावर ताण येतो. तुम्हाला चालतं, यांना नाही. आता बंद झालं की सावरतील. अजून आठवडा घेतल्या असत्या तर अवघड होतं."

सासूबाईंना तिथेच मागच्या खोलीत ठेवलं. दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पाणी दिलं तर प्यायल्या. मी मनातल्या मनात बॅग भरत होते. माहेरी भाऊ ठेवून घेईल का, याचा विचार करत होते.

रात्री आठ वाजता माझ्या मोबाईलवर गोळीचा गजर वाजला. रोज वाजतो, रोज त्या म्हणतात, "आरवला तुझा कोंबडा." मी घाईघाईने बंद केला.

"त्यालाही होतं?" भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं.

"हो."

"त्यालाही या गोळ्या होत्या?"

"होत्या. तीन महिने घेतल्या. मग दवाखान्याच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं, तेव्हापासून जायचं सोडलं. मी पाया पडले, आई. आईला कळेल म्हणाला."

त्या कोपरावर रेटा देऊन माझ्याकडे वळल्या. असा चेहरा मी त्यांचा पोरगा गेला त्या दिवशीही बघितला नव्हता.

"आणि तू ऐकलंस त्याचं? अगं, मला सांगितलं असतंस तर कानाखाली जाळ काढून खायला घातल्या असत्या मी त्याला! रोज! छातीवर बसून!"

त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे ती बाटली."

झाकण त्यांना उघडेना. पण मला उघडू दिलं नाही. एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"घे."

मी घेतली.

"तोंड उघड. जीभ वर कर." त्यांनी वाकून नीट बघितलं. "उद्यापासून रोज दाखवायचं मला."