डिपस्टिक नसलेली गाडी

शोरूममध्ये त्याने एकच प्रश्न विचारला: या गाडीला डिपस्टिक आहे का?

विक्रेत्याला वाटलं, गिऱ्हाईक जुन्या वळणाचं आहे, आता हातचं जाणार. त्याने घाईघाईने खुलासा केला. डिपस्टिक नाही, पण काळजीचं कारण नाही. इंजिनच्या तळाशी सेन्सर आहे, ऑइल किती आहे ते समोरच्या स्क्रीनवर दिसतं, कमी झालं तर गाडी आपणहून सांगते. बॉनेट उघडायचीसुद्धा गरज नाही.

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही, साहेब."

त्याने तीच गाडी घेतली. मायलेज विचारलं नाही. रंग बायकोवर सोडला.

तो जमीन मोजणारा सर्व्हेअर होता. बायको फिजिओथेरपिस्ट होती, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायची, त्यामुळे गाडी तिलाच लागायची. जुनी गाडी तिच्या पहिल्या लग्नातली. पहिला नवरा आजारपणात गेला, काही वर्षांनी तिने हे लग्न केलं, आणि गाडी तिच्याबरोबर या घरात आली. गाडीबरोबर रविवारची सकाळही आली.

दर रविवारी ती बॉनेट उघडायची. डिपस्टिक ओढून फडक्याने पुसायची, परत आत घालायची, परत काढायची, आणि डोळ्यांसमोर आडवी धरून दोन खुणांच्या मध्ये तेल कुठवर आहे ते बघायची. फडकं निळ्या चौकड्यांचं होतं. एका कडेला शर्टाचं काज शिल्लक होतं. तो शर्ट याचा नव्हता.

हा वरच्या गॅलरीत चहा घेऊन उभा राहायचा आणि बघायचा. तेल बघताना तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते आठवड्यात इतर वेळी येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. पहिल्याला त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं: रुंद खांदे, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. तेवढ्या पुराव्यावर त्याने पुढचं सगळं रचलं. बाह्या दुमडलेला माणूस तिच्या मागे उभा आहे, तिचा हात धरून डिपस्टिक कशी धरायची ते शिकवतो आहे, नाकाला तेल लागलं म्हणून दोघं हसत आहेत. पहिल्याला ती अरे-तुरे करायची. याला अहो म्हणायची. अरे म्हण, असं सांगावंसं त्याला अनेकदा वाटलं, पण सांगून मिळालेलं अरे घेऊन करायचं काय?

गाडी पेशंटच्या दारात बंद पडायला लागली तेव्हा ती बदलायला बायकोही तयार झाली. जुनी शोरूमवाल्यानेच नेली. फडकं मात्र तिने नव्या गाडीच्या दाराच्या खणात ठेवलं. राहू दे, त्याने मनात म्हटलं, पुसणार काय आहेस?

पहिल्या रविवारी ती सवयीने खाली गेली, बॉनेट उघडलं, आत काळं झाकण पाहिलं आणि फडकं हातात घेऊन थोडी उभी राहिली. मग बॉनेट लावलं. गॅलरीतल्या माणसाला त्या दिवशीचा चहा फार गोड लागला.

पण ती स्वस्थ बसणारी नव्हती. तिने गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की इंजिन गरम हवं, बॉनेट बंद हवं, गाडी जागेवर उभी हवी आणि जागा सपाट हवी. मग स्क्रीनवर मोजणीचा पर्याय निवडून थोडं थांबायचं. तिने एक फेरी मारून इंजिन गरम केलं आणि गाडी दारात आणून उभी केली. स्क्रीनवर उत्तर आलं: मोजता येत नाही, गाडी सपाट जागेवर उभी करा.

त्यांची गल्ली उताराची होती. शेजारची गल्लीही उताराची होती. सगळी वस्तीच टेकडीच्या अंगावर होती आणि ज्याचं पोट जमिनीचे उतार मोजण्यावर चालतं, त्याच्या हे गाडी घेताना डोक्यात आलं नव्हतं.

"अहो, आईंच्या अंगणात सपाट आहे," बायको म्हणाली.

आई म्हणजे पहिल्याची आई. टेकडीच्या पायथ्याशी एकट्या राहायच्या. या लग्नानंतर बायकोने तिकडे जाणं आपणहून बंद केलं होतं. याला अवघड वाटेल म्हणून, असं ती एकदा म्हणाली होती आणि यानेही, छे, मला कसलं अवघड, असं म्हणायचं टाळलं होतं. आता तिला जायला कारण मिळालं, आणि ते याने शोरूममध्ये जाऊन विकत आणलं होतं.

त्याने पर्याय सुचवून पाहिले. पेट्रोल पंपावर मागचे हॉर्न वाजवतात, ती म्हणाली. त्याच्या ऑफिसचं आवार रविवारी बंद असायचं. शेवटी त्याने सांगितलं की मुळात दर आठवड्याला बघायची गरजच नाही, कमी झालं तर गाडी स्वतः ओरडेल.

"ओरडायची वेळ कशाला आणायची?" म्हणत ती किल्ली घेऊन निघाली.

पुस्तक एव्हाना त्याला पाठ झालं होतं. पायथ्यापर्यंत जाताना इंजिन गरम होतं, मोजायला मिनिटभर लागतं. ती दुपार कलल्यावर परत यायची. येताना चेहरा हसरा असायचा. तेल ठीक आहे का, तो विचारायचा. ठीक आहे, ती सांगायची. त्या घरात भिंतीवर पहिल्याचा मोठा फोटो असेल, दोघी त्याच्या गोष्टी काढत असतील, या विचाराने त्याच्या पोटात दुखायचं. डिपस्टिक होती तेव्हा पहिला निदान याच्या दारात येत होता. आता बायकोच त्याच्या दारात जात होती.

एका रविवारी तो म्हणाला, मीही येतो. बायकोने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि चला म्हणाली. त्याने पिशवीत गुपचूप पाणसळ टाकली. गवंड्यांकडे असते तसली, छोटी, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. जागा सपाट नाही, इतकंच त्याला सिद्ध करायचं होतं. मग पुढच्या रविवारी जायचं कारण उरलं नसतं.

अंगण सिमेंटचं होतं. एका बाजूला शाळेची जुनी पिवळी व्हॅन उभी होती, टायर बसलेले. आई बाहेर आल्या. काटक होत्या, केस बारीक कापलेले. त्यांनी याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"तुमचं माझं नातं काय ते मला काही जमवता येईना," त्या म्हणाल्या. "सुनेचा नवरा म्हणजे खरं तर मुलगा. पण तुम्ही पडलात पाहुणे. मी आपलं जावईबुवाच म्हणते."

बायको हसली. दोघी पाणी आणायला आत गेल्या. याने ती संधी साधली. गुडघ्यावर बसून गाडीच्या पुढच्या चाकाशी पाणसळ ठेवली. बुडबुडा हलला आणि नेमका मधे थांबला. त्याने पाणसळ फिरवून आडवी ठेवली. पुन्हा मधे. मागच्या चाकाशी ठेवली. मधेच.

"लागली का पातळी?"

आई दारात उभ्या होत्या. हा उठला. गुडघ्यांना सिमेंटची धूळ लागली होती.

"अंगण चांगलं केलंय," एवढंच त्याला सुचलं.

"करून घेतलंय. गवंडी म्हणत होता, आई, पाण्याला थोडा उतार ठेवू. म्हटलं, पाणी साचू दे, मला व्हॅनचं तेल बघायचं असतं." त्यांनी पिवळ्या व्हॅनकडे हात केला. "शाळेची पोरं नेत होते मी. रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी तेल. ही नवी लग्न होऊन आली तेव्हा हिलाही धरून उभी केली. म्हटलं, गाडी चालवतेस ना, मग हेही शिक."

याला नीट ऐकू आलं होतं, तरी त्याने विचारलं. "तुम्ही शिकवलंत?"

"मग कोण? तो?" आई हसल्या. "त्याला बॉनेट कुठून उघडतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेल बघायचं म्हटलं की तो आत जाऊन झोपायचा. या सगळ्यात त्याचा वाटा म्हणजे तो शर्ट."

पाण्याचा तांब्या घेऊन बायको बाहेर आली होती. "तोसुद्धा त्याला न विचारता फाडलेला," ती म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

हाही हसला. बाह्या दुमडलेला, नाकाला तेल लागलेला तो माणूस इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर होता. तो कधी नव्हताच. हायसं वाटायला हवं होतं, आणि बायको गाडीचं दार उघडेपर्यंत तसं वाटलंही. मग दुसरा हिशेब सुरू झाला. ज्याला सगळं येतं त्याच्याशी बरोबरी करता आली असती. पुस्तक पाठ करता आलं असतं, आणि त्याने केलंही होतं. पहिला तर झोपायचा. त्याला काही येत नव्हतं. त्याचा शर्ट न विचारता फाडता येत होता. तरी त्याचं नाव निघालं की ती अशी हसत होती.

आई नेहमी बसत असाव्यात तशा पुढे बायकोच्या शेजारी बसल्या. हा मागे बसला. इंजिन सुरू करून बायकोने स्क्रीनवर मोजणी लावली. काचा बंद होत्या. पुढची दोन डोकी एकाच बाजूला कलून स्क्रीनकडे बघत होती. दाराच्या खणात फडकं होतं.

"जावईबुवांना येतं का यातलं काही?" आईंनी मागे न बघता विचारलं.

"छे," तो म्हणाला. "मला काही येत नाही. शिकवा तुम्ही."

आरशात बायकोचे डोळे क्षणभर त्याच्यावर आले.

"येतं त्यांना," ती म्हणाली. "सगळं येतं. पुस्तक पाठ आहे."

"हो का? बरं झालं," आई म्हणाल्या. "घरात एक तरी असा हवा."

स्क्रीनवर पट्टी वर सरकत गेली आणि वरच्या खुणेच्या जरा खाली थांबली. पातळी योग्य आहे, असं लिहून आलं. बायकोने इंजिन बंद केलं. त्याने पिशवीतली पाणसळ हाताने चाचपली आणि पुढचं कोणी उतरण्याची वाट बघत बसून राहिला.