चार बोटं सरकलेलं गाव

मिस्त्रींनी गाव चार बोटं डावीकडे सरकवलं, त्याला कारण लाकडातली गाठ. दिवंगत काकांनी रंगवलेलं गावाचं चित्र पुतण्याला लाकडात कोरून हवं होतं, दिवाणखान्यात लावायला. काकांनी गाव डोंगरावर चढवलेलं, त्यामुळे चित्र उभं आणि फळीही पुरुषभर उंचीची. चित्र फळीवर उतरवलं तेव्हा गाठ नेमकी विहिरीवरच्या बाईच्या नाकावर आली. गाठीवर पटाशी घसरते. बाई एकटी सरकवावी तर हातातला दोर विहिरीबाहेर पडतो. विहीर सरकवावी तर ती भर रस्त्यात येते. तेव्हा मिस्त्रींनी अख्खं गावच सरकवलं. नाक वाचलं. डाव्या कडेचं एक घर तेवढं फळीबाहेर गेलं. गाव म्हटल्यावर एखादं घर इकडेतिकडे व्हायचंच, असा मिस्त्रींचा समज.

काम संपत आलं तेव्हा पुतण्या काकूंना घेऊन आला; काका गेल्यापासून त्या त्याच्याकडेच राहत. काकूंनी चष्मा पुसला, डाव्या कडेवरून बोट फिरवलं.

"माझं घर कुठाय?"

"कुठलं घर, काकू?"

"ह्यांनी काढलेलं. ओट्याचं."

मिस्त्रींनी गाठ दाखवली, मग नाक दाखवलं.

"कुठल्या कोण बाईच्या नाकापायी मला बेघर केलंत होय?"

"अगं काकू, ते गाव खरं थोडंच आहे?" पुतण्या म्हणाला. "काकांनी जन्मात खेडं पाहिलं नव्हतं. एकदा निघाले, तर बस लागली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले."

"खरं घर तरी कुठे पाहिलं मी? चाळीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. 'तुला घर बांधतो, घर बांधतो' म्हणत शेवटी एवढंच बांधलं त्यांनी. तेही या मिस्त्रींनी पाडलं."

पटाशी लाकूड काढते, घालत नाही. उजवीकडे सुटलेली चार बोटं डोंगरात गेली होती; जागा उरली होती ती फळीच्या पाठीवर. आठ दिवसांत तिथे घर उभं राहिलं: दार, दोन खिडक्या, ओटा. शेजार कोणाचा हवा, असं मिस्त्रींनी विचारून घेतलं. काकू म्हणाल्या, कोणाचाच नको, भाड्याच्या खोलीत पुरेसा झाला.

"झकास!" पुतण्या म्हणाला. "आता लावू या भिंतीवर."

"म्हणजे मी भिंतीकडे तोंड करून राहू?"

शेवटी स्वयंपाकघराचं जुनं दार काढून त्या जागी फळी बसवली. दिवाणखान्याकडे गाव, आत काकूंचं घर. दोघांचंही समाधान झालं, आणि ते तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी काकूंनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

"कडी बसवा. माझ्या बाजूनं."

"स्वयंपाकघराला आतून कडी, काकू?"

"तुमच्या घराला नाही?"

एकदा घर पाडलेल्या माणसाने वाद घालू नये, हे मिस्त्रींना कळत होतं. त्यांनी कडी बसवली, चांगली जाड.

आता पुतण्याला चहा हवा असला की तो गावावर टकटक करतो.

"कोण आहे?"

"मी, काकू."

"एकटाच आहेस ना? पाय पुसून ये."

पुतण्या दिवाणखान्यात, म्हणजे गावाबाहेर, पाय पुसतो. कडी निघते. तो अंग चोरून आत जातो, स्टुलाच्या कडेवर टेकतो. काकू चहा पुढे करतात.

"असा अवघडून का बसलास?" त्या म्हणतात. "आपलंच घर समज."