बिबड्यांची परतफेड

दोंडाईच्याच्या रतिलालशेठचे पत्र मी बावीस दिवस दडवून ठेवले होते. दडवले म्हणजे एका जाड कोशाच्या तिसऱ्या खंडात घातले. आमच्या घरी तो खंड माझ्याखेरीज कोणी उघडत नाही, आणि खरे सांगायचे तर मीही क्वचितच. पत्रात आमच्या बिबड्यांविषयी, म्हणजे ज्वारीच्या पापडांविषयी, एवढेच होते: 'बिबडे मिळाले. चार दिवसांत संपले. पाऊस लागण्याआधी आणखी दोन मण पाठवाल काय? उलट टपाली कळवावे, नाहीतर दुसरीकडे सांगावे लागेल.'

"काय लिहिलंय?" बायकोने विचारले. कुंदाबाईची अक्षरओळख बेताची आहे.

"माल मिळाल्याची पोच आहे," मी म्हणालो.

पस्तीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवून मी निवृत्त झालो होतो.

मी असे का केले, ते सांगायला हवे. आमचे बिबडे दुकानात ठेवाल का, असे हिने विचारले म्हणून शेठने पहिल्यांदा फक्त वीस शेर नमुन्याला घेतले होते. त्या वीस शेरांनी पाचोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्या गिळल्या. ज्वारी भिजवायची, भरडायची, शिजवून तिचा घाटा करायचा आणि तो गरम असतानाच ओल्या कापडावर थापून उन्हात घालायचा. ओले कापड म्हणजे माझी धोतरे. पाचांपैकी चार गेली. पाचव्यात मी होतो म्हणून ते वाचले. खाट गेली, अंगण गेले. मी पुस्तक घेऊन न्हाणीत जाऊन बसलो, तर तिथेही दर घटकेला कोणीतरी हंडा घेऊन येई आणि म्हणे, "मास्तर, जरा सरका."

तेही चालले असते. पण थापायला गल्लीतल्या अकरा जणी आल्या होत्या. हिने त्यांना मजुरी देऊ केली, तर शेजारची भिकुबाई कडाडली, "बिबडा थापाना पैसा? मी काय मजूर शे?"

आमच्याकडे बिबड्यांना हात उसने घेतात. तू माझ्याकडे ये, मी तुझ्याकडे येते. कोणी ते विकण्यासाठी करील असे कोणाच्या मनात आलेले नव्हते, त्यामुळे त्याला वेगळा नियमही नव्हता. आता अकरा घरी जाऊन फेडायचे होते, आणि उन्हाळा सगळ्यांचा एकच. एकाच सकाळी दोन घरी घाटा शिजू लागला.

"घरातून माणूस आलं म्हंजे झालं," भिकुबाईने निकाल दिला.

आमच्या घरात उरलेले माणूस मी.

दोन मणांना किती हात लागतील आणि ते कोण फेडील, याचा विचार करूनच मी पत्र कोशात घातले होते.

बाविसाव्या दिवशी मी त्या अकरा जणींतल्या भागाबाईच्या अंगणात थापत होतो. सात बायका होत्या, आठवा मी. पहिल्या घरी माझ्यासमोर सगळ्या पदर सावरून गप्प होत्या. चौथ्या घरापर्यंत मी पुरुष आहे हे त्या विसरल्या. नवऱ्यांविषयी मी जे ऐकले ते मला कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते. त्यातले काही नवरे माझे विद्यार्थी होते.

"मास्तर, हाई काय शे?" भिकुबाईने माझ्या बिबड्याकडे बोट दाखवले. "बिबडा शे का भारतना नकाशा?"

"कडा जरा वाकड्या आल्या."

"आनि लंका कोठे शे?" माझ्या शेजारी थापणारी तानुबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

हसणे ओसरल्यावर भागाबाई म्हणाली, "काही म्हणा, कुंदाक्काचा माल त्या शेठला आवडला नाही. आवडला असता तर पुन्हा मागवला नसता?"

"घाटा आंबट झाला व्हता. मी तवाच सांगितलं," तानुबाई म्हणाली.

"काल मला विचारत होती," भागाबाईने आवाज खाली आणला, "भागा, माझ्या हाताला चव नाही का गं?"

माझे हात थांबले.

"माल चांगला होता," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की कोणी ऐकलेच नाही. मी पुन्हा म्हणालो, "माल चार दिवसांत संपला. शेठने आणखी दोन मण मागितलेत. पत्र माझ्याकडे आहे."

सगळ्यांचे हात थांबले.

"कधी आलं?" भागाबाईने विचारले.

"बावीस दिवस झाले. मी भ्यालो."

"कसाले?" भिकुबाई म्हणाली.

मी कोपरापर्यंत चिकट झालेले दोन्ही हात वर केले.

"मास्तर घाटाले भ्याना!" ती ओरडली, आणि पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल एवढी हसली.

मी हात दोनदा धुतले आणि रमतगमत घरी निघालो. बातमी माझ्या आधी पोचली होती. कुंदाने दौत, टाक आणि एक कार्ड पाटावर मांडून ठेवले होते.

"वाचा," ती म्हणाली.

मी पत्र काढून वाचले. 'चार दिवसांत संपले' हे तिने तीनदा वाचून घेतले. मग म्हणाली, "लिहा."

मी सुरुवात केली, 'प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे उत्तरास विलंब...'

"कोणाची प्रकृती?"

"अशी पद्धत असते लिहायची."

"खोडा ते. लिहा, घरातल्या पुरुषाने पत्र लपवलं."

"परक्या माणसाला असं कसं..."

"मग लिहा, घरातल्या पुरुषाला घाट्याची भीती वाटते."

मी पहिले लिहिले.

"दोन मण व्हायचे नाहीत, आता दिवस उरले नाहीत. एक मण देऊ. दुसरीकडे सांगितलं असेल तर तसंही कळवा म्हणावं." मग तिने विचारले, "फेडायला तुम्ही किती घरी जाल?"

"सगळ्या. थापायला नाही जमलं तर पाणी भरीन, लाकडं फोडीन."

"थापायलाच जा. तुमच्याकडे बघून बायका हसतात, काम लवकर उरकतं."

मी विचारले, पाकीट आणू का? कार्ड उघडे असते, कोणीही वाचतो. ती म्हणाली, वाचू दे.

दुपारची गाडी चुकू नये म्हणून मी स्टेशनाजवळच्या पेटीपर्यंत गेलो. 'दोंडाईचा, जिल्हा पश्चिम खानदेश' हा पत्ता पुन्हा दोनदा तपासला. माझ्या मागे पितांबर हमाल पत्र टाकायला उभा होता आणि माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याचे वाचून होईपर्यंत मी थांबलो, आणि मग कार्ड पेटीत टाकले.