छाननीपुरती आई

"आत्या नगं म्हणू. आई म्हण. म्हण बरं, आई!"

रायभान आपल्या पाच वर्षांच्या पोरीसमोर उकिडवा बसला होता. चॉकलेट त्यानं मुठीत दाबून धरलं होतं. निकितानं चुलीपुढं बसलेल्या कडूबाईकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या आपल्या आईकडं, राजेश्रीकडं. राजेश्रीनं पदर सावरला आणि मान फिरवली.

"आई," निकिता कडूबाईकडं बोट दाखवून म्हणाली.

"शाब्बास! उद्या मॅडमनं इचारलं तरी असंच म्हणायचं."

कडूबाईला शिसारी आली. भावाची तर आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची आली. कारण ते खोटं 'आई' ऐकताना तिचं काळीज क्षणभर भरून आलं होतं.

रायभानला नगरसेवक व्हायचं खूळ जुनं. कुणाही पुढाऱ्याच्या सभेला खुर्च्या उचलायला, सतरंज्या झटकायला हा गडी पुढं. यंदा तिकीट मिळेल अशी आशा लागली आणि प्रभाग नेमका बायकांसाठी राखीव निघाला. मग काय, राजेश्रीला उभं करायचं ठरलं. राजेश्रीला विचारलं का? छे! तिला फक्त फोटो काढायला नेलं. कागदं भराभर गोळा झाली. मतदार यादीचा उतारा आला, थकबाकी नसल्याचा दाखला आला, शपथपत्र झालं, सूचक म्हणून शेजाऱ्याची सही झाली. घरात संडास वापरात असल्याचाही दाखला लागतो. त्यांच्या संडासात शेळ्यांच्या पेंडीची पोती रचलेली. ती फोटोपुरती बाहेर काढली आणि फोटो झाल्यावर परत आत ढकलली.

अडलं ते एकाच गोष्टीवर. दोनाहून जास्त लेकरं असली की अर्ज बाद. बबलू आणि दीपिकावर तिसरी निकिता होती. रायभाननं कुणाला तरी गाठलं, काय द्यायचं ते दिलं आणि पोरीचा नवाच जन्मदाखला आणला. आई कडूबाई, बाप नागनाथ.

"नुसतं कागदावर गं आक्का. निवडून आलो की झालं."

कडूबाई त्याची थोरली बहीण. पेडगावला मेंढरं पाळणाऱ्या घरात दिली होती. मूलबाळ झालं नाही. नवरा नागनाथ रानात मेंढरांमागं असताना साप चावून गेला, आणि पुढं रायभान तिला घेऊन आला. माया उतू चालली होती म्हणून नव्हे. दीपिकाच्या वेळी राजेश्रीला दिवस गेले होते आणि शेळ्यांचं बघायला माणूस हवं होतं. निकिताच्या वेळी पुन्हा तसंच. बाळंतपणात कडूबाई रात्रंदिवस राबली, आणि बारशाला पाळण्याजवळ गेली तेव्हा राजेश्रीची आई चारचौघींत म्हणाली, "आक्का, तुमी जरा बाहीर थांबा. नाव ठिवायच्या टायमाला बरं दिसत न्हाई." आतून पाळण्याचं गाणं येत होतं आणि ही अंगणात घुगऱ्यांचं पातेलं घासत होती. मग पोरगी वाढली कुणाच्या कडेवर? हिच्याच.

"पाळण्याला हात लावू दिला न्हाईत," ती आता म्हणाली, "अन् आज म्हनं आई!"

"जुनं काय उकरायलीस? एक शबुद बोलायचा हाय. इतकी वरसं घरात बसून खायलीस, येवढं करशील का न्हाई?"

घरात बसून खायलीस! कडूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

छाननीला ही गर्दी. खादीचे कपडे, अत्तराचे वास, पान चघळणारी तोंडं. राजेश्री नवं पातळ नेसून खाली मान घालून बसलेली, शेजारी कडूबाई आणि तिच्या मांडीवर निकिता. त्याच प्रभागात गावातल्याच सूर्यभानची बायको उभी होती, आणि नव्या जन्मदाखल्याची कुणकुण त्याला आधीच लागली होती. सूर्यभाननं उठून हरकत घेतली की रायभानला तीन लेकरं आहेत आणि तिसरी समोरच बसलीय. रायभाननं हसत हसत जन्मदाखला पुढं केला.

निवडणूक अधिकारी मॅडमनी तो वाचला आणि कडूबाईला विचारलं, "ही तुमची मुलगी?"

कडूबाईच्या आधी निकिताच तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आई!"

माणसं कौतुकानं हसली. कडूबाईची मान हो म्हणायला हलणारच होती.

"थांबा मॅडम," सूर्यभान म्हणाला. "बापाचं नाव वाचा की. नागनाथ, पेडगाव. त्याला जाऊन आठ वरसं झाली, हा घ्या मृत्यूचा दाखला. पोरगी पाच वरसांची. मग हिचा बाप कोण, ते तरी कळू द्या!"

मागून कुणीतरी खिदळलं, आणि मग सगळेच.

कडूबाईनं भावाकडं पाहिलं. रायभानचं तोंड उघडंच राहिलं होतं. मेव्हणा पोरीच्या जन्माआधीच मेला, हा हिशोब त्यानं केलाच नव्हता. करणार कसा? नागनाथच्या मातीला हा आलाच नव्हता; कुठल्याशा पुढाऱ्याच्या सभेला गेला होता. दाखला करताना बहिणीला एक शब्द विचारला असता, तरी तिनं सांगितलं असतं.

रायभान सावरला. त्यानं हात जोडले, आवाज ओला केला. "मॅडम, आता काय सांगावं... घरातली गोष्ट हाय. आमच्या आक्काचा जरा पाय घसरला. इज्जतीपायी आमीच मेलेल्या नवऱ्याचं नाव लावलं. पर पोरगी तिचीच हाय."

ज्याला कडेवर घेऊन कडूबाई शेळ्यांमागं हिंडली, ज्याचं शेंबूड-गू काढलं, तो हा भाऊ! आणि तो वाकून कानाशी कुजबुजत होता, "हो म्हण आक्का. लोकं चार दिसांत इसरत्यात." राजेश्री शेजारीच होती. सगळं ऐकत होती, आणि पातळाच्या काठाशी चाळा करत होती. थू! तोंडात खरोखरच थुंकी गोळा झाली होती. ती कडूबाईनं गिळली आणि उभी राहिली.

"मॅडम, मला लेकरू झालंच न्हाई. कुणालाबी इचारा. मला गावात वांझ म्हणूनच वळखत्यात." जन्मभर जो शब्द पाठीमागून ऐकला, तो तिनं स्वतःच्या तोंडानं मोठ्यानं म्हटला. "नवरा गेल्यापून मी कुणाकडं मान वर करून बघितलं न्हाई. ही माझ्या भावाची लेक. तिची आई ही काय, बसलीय."

तिनं निकिताला राजेश्रीच्या मांडीवर ठेवलं. राजेश्रीचे हात जागचे हलले नाहीत. ती नवऱ्याकडं बघत होती.

"घे की गं! तुझी हाय."

निकिता रडवेली झाली. "आत्या, मी नीट म्हनले न्हाई का?"

"नीट म्हनलीस, बाई. लय नीट म्हनलीस." तिच्या डोक्यावरून हात फिरवून कडूबाई वळली.

"वा कडूबाई! खरं बोलणारी बाई पाहिजे तर अशी," सूर्यभान पुढं आला. "आमच्या प्रचाराला या."

"तू बी गप. चारचौघांत पोरीचा बाप काढताना तुला तरी कुठं लाज वाटली?"

अर्ज बाद झाला. रायभाननं तिला पायरीवर गाठलं. "अवदसे! पुन्यांदा माझ्या घरात पाय ठिवू नको."

"न्हाई ठिवत."

तिनं पेडगावची वाट धरली. तिथं सासू होती, पार्वतीबाई, म्हातारी अजून मेंढरं राखून होती. ठेवून घेईल की नाही, देव जाणे.

एसटीत शेजारी एक तरणी बाई बसली होती. तिच्या मांडीवरचं लेकरू झोपेत कलंडलं आणि त्याचं डोकं कडूबाईच्या दंडावर टेकलं. कडूबाईनं ते उतरू नये म्हणून हात जरा उचलून धरला. गप्पा निघाल्या, गाव कोणतं, पाऊसपाणी कसं, आणि मग त्या बाईनं सहज विचारलं, "लेकरं किती तुमाला?"

"न्हाईत. एकबी न्हाई."

त्या बाईनं झोपलेलं लेकरू हळूच ओढून पलीकडच्या बाजूला घेतलं. कडूबाईनं ते पाहिलं. मायलेकरांना ऐसपैस बसता यावं म्हणून ती खिडकीकडं सरकली.