चार हात टेप कुठे गेली?

मी ध्वनिमुद्रणाची टेप बोलतेय. पण आधी सांगा, आसपास एखादं यंत्र चालू नाही ना? माणसांना वाटतं आपण सहज बोलतोय, आणि इकडे आम्ही सगळं टिपून घेतो.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते, भोळीही. मग तळघरातल्या स्टुडिओत आले. भिंतींना जुने गालिचे, जमिनीवर वायरींचा गुंता. तिथे दोघं भावंडं: बहीण गायची, तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ड्रम वाजवायचा. रॉक बँडच तो, पण सरळ गाणं करतील तर शपथ! एकदा तर ती रिकाम्या पिंपात तोंड घालून गायली. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर मास्तर बसत. त्यांच्या खिशात कायम टेप कापायचं ब्लेड, म्हणून माझा पहिल्यापासून त्यांच्यावर संशय.

एका सकाळी यंत्र चालू असल्याचं न कळून बहीण म्हणाली, "मास्तर, दादाचा हात जड झालाय. दुसरा ड्रमर बघावा लागेल."

मास्तरांनी तिच्यादेखत यंत्र बंद केलं. ती गेल्यावर त्यांनी माझी चार हात टेप कापली, टोकं चिकटपट्टीने जोडली आणि तुकडा खिशात घातला. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस उद्या तिला धमकावणार!

दादाला सांधा दिसला. मास्तर आपले ड्रम कापतात, असं त्याच्या डोक्यात बसलं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्याने मला यंत्रावर चढवलं. मास्तर मला नेहमी शेवट बाहेर ठेवून गुंडाळत. वाजवण्याआधी मागे फिरवावं लागे. दादाला हे कुठलं ठाऊक! मी उलटी वाजू लागले. ड्रमचा आवाज फुगत यायचा आणि घाव पडताच तुटायचा.

"माझी पार वाट लावली!" दादा ओरडला. सगळे धावत आले.

"अहो, ती उलटी..." मास्तर सांगू लागले.

"थांबवू नका!" बहीण म्हणाली. "दादा, हेच हवंय मला. तुझंच हवंय."

त्याच गाण्याने अल्बम सुरू झाला. लोक आधी हसले, मग नवी पोरं आपापल्या टेपा उलट्या फिरवू लागली. दुसऱ्या ड्रमरचा विषय पुन्हा निघाला नाही. मास्तरांनी खिशातला तुकडा बारीक कातरून केरात टाकला, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

आता मला कॉम्प्युटरवर उतरवायला काढलंय. मास्तर हयात नाहीत. दादाचे केस पिकले, पण बोट अजून त्या सांध्यावरच.

"मास्तरांनी इथे माझं काय कापलं असेल गं?"

"मला काय माहीत, दादा," बहीण म्हणते आणि दाराकडे बघते.

सांध्याची चिकटपट्टी वाळलीय. सुटली तर तेवढी नवी लावा, मधलं काही शोधू नका. मास्तरांनी तो आळ मरेपर्यंत निमूट सोसला. मी विश्वासाने तुम्हाला सांगितलंय. दादाला मात्र सांगू नका.