दुकानातला डावा हात

आमच्या दुकानात डावा हात उजवीकडे असतो.

नवख्याला हे सांगितलं की तो हसतो. पण याच्यामागे भांडण आहे, आणि भांडणातून निघालेले नियम माणूस सहसा मोडत नाही. दुकान केस कापायचं. माझ्या सासऱ्यांच्या काळात एक हट्टी गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि आरशाकडे बोट करून म्हणालं, "याच्या डाव्या कानावरचे जरा जास्त काढा." याच्या म्हणजे आरशातल्याच्या. सासऱ्यांनी खुर्चीतल्याच्या डाव्या कानावरचे काढले. मग जे काही झालं ते सासरे शेवटपर्यंत पूर्ण सांगत नसत, नुसते डोक्यावरून हात फिरवत. त्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं की इथे आरशात दिसतो तोच गिऱ्हाईक, आणि त्याचा डावा तोच डावा.

दुकान आणि घर यांच्यामध्ये एक जाड पडदा आहे. पडद्याच्या आत जगाचं डावं-उजवं चालतं, बाहेर दुकानाचं. आमचे हे आणि दुसऱ्या खुर्चीवर काम करणारा माझा धाकटा भाऊ, दोघंही पडदा ओलांडताना डावं-उजवं बदलतात आणि आपण बदललं हे त्यांना कळतही नाही. चपला काढल्याचं कुठे कळतं? लग्नानंतर पहिलं वर्षभर मी "डावीकडचा टॉवेल" म्हटलं की भलताच टॉवेल उचलून द्यायची. मग मलाही सवय झाली.

आमच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणतात. ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. घरात शांतता असते म्हणून तिचा अभ्यास होत नाही. दुकानात मशीनचा आवाज, रेडिओ आणि कुणाच्या तरी सुनेच्या तक्रारी चालू असल्या की छान होतो. भौतिकशास्त्राचं पुस्तक काखेत मारून ती खुर्चीमागे उभी राहते आणि बापाच्या हाताखालचं गिऱ्हाईक फुकटात शहाणं करते.

"त्रास होतो गं लोकांना," मी एकदा म्हटलं.

"अजिबात नाही. गळ्याशी वस्तरा असला की माणूस फार लक्ष देऊन ऐकतो."

तिला मोटरचं वेड. बंद पडलेलं केस कापायचं मशीन ती उघडते, आत फुंकर मारते, काहीतरी खरवडते आणि ते चालू होतं. शाळा संपल्यावर तिला यंत्रदुरुस्तीच्या शाळेत जायचं होतं, आणि तिथे भौतिकशास्त्रात पास असल्याशिवाय दारातही उभं करत नाहीत. यांचं म्हणणं साधं होतं: "पास झालीस तर बघू. नाही झालीस तर कात्री धर. तिच्यावरच आपलं घर उभं आहे, ती काही वाईट नाही." वाईट नाहीच. पण कात्रीला मोटर नसते, हे तिचं दुःख.

आणि सराव परीक्षेच्या तोंडीत ती आपटली. लेखी बरी गेली होती. प्रात्यक्षिकाच्या टेबलापाशी मात्र तिने सांगितलेली एकूण एक दिशा उलटी निघाली. तार वर उचलली जाईल म्हणाली, ती खाली गेली. बाईंनी तिच्या शेऱ्यात लिहिलं की हिची मोटर मागे पळते.

"नियम पाठ आहे का?" यांनी विचारलं.

"झोपेत उठवून विचारा. तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट म्हणजे वीज, अंगठा म्हणजे बल. डाव्या हाताचा नियम!"

"मग चुकतं कुठे?"

"नशीब," तिचा मामा म्हणाला. "आपल्या घराण्याला विज्ञान लाभत नाही."

मी देवाला सांगितलं, बाबा रे, लक्ष असू दे. दुसरं काय सांगणार? मला स्वतःलाच कळत नव्हतं काय मागायचं ते.

खऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक येणार होते आणि शाळेतून आधीच बातमी फुटली होती की हे गृहस्थ मोटर सोडून दुसरं काही विचारतच नाहीत.

सकाळी अंघोळीपासून जप पुरा होईपर्यंत माझं मौन असतं. लिहूनही सांगत नाही. तसं करणं म्हणजे पुढच्या दाराला कडी लावून मागच्या दाराने बाहेर पडणं. हात मात्र मोकळे असतात, त्यामुळे मनात नाम आणि हातात चहाचा ट्रे, अशी मी रोज पडद्यापाशी येते. त्या दिवशीही आले. पुढे खुर्चीत पोस्टमनकाका बसले होते. नोकरीतून सुटल्यावर त्यांनी केसांना रंग लावायला सुरुवात केली. अर्धं डोकं काळं झालं होतं, अर्धं व्हायचं होतं, आणि माझा भाऊ वाडग्यात रंग घोटत होता. भिंगरी गणवेश, बूट, दप्तर अशी सज्ज होऊन खुर्चीमागे उभी.

"काका, मोटर कशाने फिरते?"

"बटणाने."

"चूक! बलाने फिरते. आता बघा आरशात. हा डावा हात."

आणि तिने हात वर केला.

मी पडद्यात होते. एक पाय घरात, एक दुकानात. बाहेरच्या डोळ्याने पाहिलं तर तो डावा हात होता. आतल्या डोळ्याने पाहिलं तर ढळढळीत उजवा.

अगं बाई. ही नियम दुकानात शिकली!

बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. नाम मध्येच तुटलं, ते पुन्हा पकडलं. ट्रे ठेवला, पुढे गेले आणि तिच्यासमोर माझा डावा हात, जगाचा डावा, चांगला उंच धरला. तीन बोटं ताठ केली.

भिंगरीचा चेहरा उजळला. "बघा काका, आईलासुद्धा पाठ झालंय!" आणि तिने हसत हसत आपला उजवा वर केला. समोरासमोर दोघींचे हात जुळले. आरशातल्यासारखे.

मी मान हलवली. नाही, नाही. हा. डावा हात उजव्याने थोपटून दाखवला.

"खांदा दुखतोय तिचा," मामा म्हणाला.

"रंगाचा वास लागत असेल," पोस्टमनकाका म्हणाले. "मलाही डोळ्यांत येतोय."

"अगं, आशीर्वाद देतेय ती," हे म्हणाले. "भिंगरे, पाया पड आणि निघ. उशीर होईल."

भिंगरी वाकली. मी तिला दंड धरून पडद्याकडे ओढलं. आत नेलं की आपोआप कळेल, असं मला वाटलं. ती उंबऱ्याशी थबकली.

"आई, पायात बूट आहेत. तूच ओरडतेस ना?"

ओरडते, हे खरं. आणि फरशी नुकतीच पुसली होती. मी एक क्षण थांबले, तेवढ्यात ती माझा हात सोडवून पुन्हा दुकानात. "चला, येते! काका, माझ्यासाठी प्रार्थना करा."

"करतो. पण डोकं अर्धंच झालंय, जेवढी पोचेल तेवढी."

ती दाराशी पोचली. मनात नाम चालू होतं आणि त्या नामालाच मी म्हटलं, तू बोलू नको म्हणालास, मी बोलत नाही. बाकीचं मात्र तुझ्यावर. भावाच्या हातातला वाडगा मी घेतला, तीन पावलांत दार गाठलं, तिचा उजवा हात मनगटापाशी धरला आणि पार बोटांच्या बुडापर्यंत त्या काळ्या रंगात बुडवला.

दुकानात रेडिओ तेवढा बोलत होता.

"आई!" भिंगरीची किंकाळी. "हे काय केलंस? बाबा, बघा हिने काय केलं!"

"अगं, वेड लागलं का तुला?" हे ओरडले. यांचा आवाज एरवी चढत नाही.

"ताई, तो पक्का रंग आहे," माझा भाऊ हळूच म्हणाला. "पाण्याने जाणार नाही."

मला माहीत होतं. म्हणून तर.

"माझं डोकं?" पोस्टमनकाका म्हणाले. त्यांचा रंग आता दाराच्या पायरीवर सांडला होता.

भिंगरीने नळाखाली हात धरला, साबण लावला, माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही. हात आणखी काळा दिसू लागला. शेवटी तिने तो स्कर्टच्या खिशात खुपसला, रडवेल्या आवाजात म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी माझ्या तोंडाला नाही, हाताला काळं फासलंस," आणि गेली.

मी आत आले आणि जप पुरा केला. त्या दिवशी तो जरा भरभर झाला. उठून बाहेर आले तेव्हा हे आणि माझा भाऊ दोघंही माझीच वाट पाहत होते. मी सांगितलं. ऐकता ऐकता यांनी आधी स्वतःचा एक हात वर केला, मग दुसरा, मग पडद्याच्या आत जाऊन पुन्हा दोन्ही करून पाहिले.

"बाप रे," ते म्हणाले.

"पण ताई, हात काळा झाला म्हणून ती दुसरा काढेलच कशावरून?"

"लाजेल."

"आणि नाही लाजली तर?"

भाऊ नवा रंग घोटायला बसला. मी डाळ निवडायला घेतली आणि खडे सोडून डाळच बाहेर काढत होते, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. पोरीचं वर्ष, तिची ती यंत्रांची शाळा, सगळं मी एका वाडग्यात बुडवून बसले होते. तिला नुसती लाज वाटून ती घाबरून गेली तर? टेबलापाशी तोंडच उघडलं नाही तर? देवासमोर जाऊन उभी राहिले, पण त्यालाही काय विचारणार? रंग काही त्याने कालवला नव्हता.

दुपारी ती आली. हात खिशातच. रिकाम्या खुर्चीत धपकन बसली आणि एक गिरकी घेतली.

"मी आईशी बोलणार नाहीये."

"मग माझ्याशी बोल," हे म्हणाले. "काय झालं?"

"त्यांनी दोन चुंबकांमध्ये तार टांगली. म्हणाले, वीज सोडली तर तार कुठे जाईल, हात धरून दाखव. मी खिशातून हात अर्धा काढला, तर ही भुताची बोटं! लगेच आत घातला. ते म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही सर. मग म्हटलं, नापास तर व्हायचंच आहे, निदान स्वच्छ हाताने होऊ. दुसरा धरला. चुकीचा."

"मग?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्याकडे न बघता भिंतीला उत्तर दिलं. "अंगठा दाराकडे आला. मी म्हटलं, दाराकडे. त्यांनी कळ दाबली आणि तार दाराकडे गेली!"

माझ्या भावाने टाळी वाजवली.

"त्यांनी चुंबकं फिरवली. मी पुन्हा तोच हात धरला. पुन्हा बरोबर! विजेची दिशा बदलली, तरी बरोबर! मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, थांबा जरा, हे असं कसं होतंय?"

"परीक्षकांना विचारलंस?" यांनी कपाळावर हात मारला.

"ते म्हणाले, मुली, हे मी तुला विचारायचं असतं. मी दोन्ही हात बाहेर काढून बघत बसले. एक काळा, एक गोरा. आणि एकदम पेटलं डोक्यात. मी त्यांना आपल्या दुकानाचं सगळं सांगितलं. आरसा, आजोबा, ते कानवालं गिऱ्हाईक. ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरची मुलं बघायला लागली. मग म्हणाले, आरशात डावं-उजवं का बदलल्यासारखं वाटतं ते सांग. तेही सांगितलं. तर म्हणाले, हा प्रकाशाच्या धड्यातला प्रश्न, तोही झाला तुझा." ती थांबली. "बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं. पास. चांगली पास."

कुणी काही बोलायच्या आत ती माझ्याकडे वळली.

"पण आई, माझं वर्ष जात होतं. मला ओढून पडद्याआत का नाही नेलंस?"

"तुझ्या पायात बूट होते."

"आणि?"

"फरशी नुकतीच पुसली होती."

तिने बापाकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. दोघांनी माना खाली घातल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"हिला माझ्यापेक्षा फरशी जवळची!"

"फरशी उलट उत्तर देत नाही," मी म्हटलं. "आणि पडद्याआत नेऊन समजावलं असतं, तर तू वाद घातला असतास. शाळेची घंटा होईपर्यंत."

"घातला असता," ती जरा विचार करून म्हणाली. "आणि जिंकलेही असते."

"पास झालीस तर बघू" हे यांचे शब्द आम्हा सगळ्यांना आठवत होते, आणि ते काय बघतात याची सगळे वाट बघत होते. बाकावर एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. त्याला त्यांनी हाताने थांबायची खूण केली, पांढरं कापड झटकलं आणि भिंगरीच्या गळ्याभोवती बांधलं.

"बाबा, मला केस नाही कापायचे."

"त्या यंत्रांच्या शाळेत अर्ज कधीपर्यंत द्यायचा असतो?"

"याच आठवड्यात."

"मग हात दे इकडे. असला हात घेऊन अर्ज द्यायला गेलीस तर दारातून हाकलतील."

त्यांनी गिऱ्हाइकांच्या कपाळावरचे डाग काढायची बाटली घेतली, कापूस भिजवला आणि तिचं एक एक बोट धरून पुसायला लागले. रंग हट्टी होता. तेही होते.